अलीकडे वाचलेली पाच पुस्तकं आणि एक शब्द

(स्नेहमेळाव्यातल्या ‘सध्या काय वाचतोय?’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. गुडघे, साखर आणि नातवंडं सोडून काहीही बोल, म्हणाले. तेव्हा पुस्तकांवर बोलते.

आपल्या मराठीच्या बाई अवांतर वाचनाची एक वही ठेवायला लावायच्या, आठवतं का? पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, काय आवडलं, काय पटलं नाही. ‘काय पटलं नाही’ हा रकाना कोरा ठेवला तर वही परत यायची. पुस्तक छापलेलं आहे म्हणून ते खरं असतंच असं नाही, हे आपल्याला चौदाव्या वर्षी त्या रकान्यानं शिकवलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पुन्हा तशी वही घातली आहे. आज त्यातली पाच पुस्तकं तुमच्यापुढे ठेवते. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मीही ती ठरवून वाचली नाहीत. एकातून दुसरं निघत गेलं.

सुरुवात माझ्या भाचीपासून झाली. ती नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला असते. व्हिडिओ कॉलवर तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, तिच्या खोलीत एका छोट्या टेबलावर मेणबत्त्या, मिठाची वाटी, पाण्याची वाटी आणि पाच टोकांचा तारा मांडलेला दिसला. विचारलं तर मुलगी शांतपणे म्हणाली, “मी विक्का पाळते. विच आहे म्हण हवं तर.” बहिणीचा मला रात्री साडेअकराला फोन. “ताई, हिला तिकडे कुणी काही केलं तर नाही ना?” म्हणजे मुलगी म्हणतेय मी चेटकीण, आणि आईला भीती की हिच्यावरच कुणी करणी केली! मला हसू आलं, पण बहीण रडत होती. शेवटी ठरलं की ताईनं वाचायचं आणि सांगायचं. भाचीनंच पुस्तक पाठवलं.

ते पहिलं पुस्तक. स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाचं, १९८८ सालचं, विक्का एकट्यानं पाळू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेलं मार्गदर्शन. विक्का हा एक नवा धर्म आहे. त्यात देव आणि देवी अशी जोडी मानतात, चंद्राच्या कलांकडे लक्ष ठेवतात आणि वर्षाचे आठ सण पाळतात. चार सण अयनबिंदू आणि संपातबिंदूंचे, चार त्यांच्या मधले. ३१ ऑक्टोबरला पितरांची आठवण, १ मेच्या सुमारास फुलोरा, ऑगस्टच्या सुरुवातीला पहिलं पीक. मी वाचत गेले आणि मनात म्हणत गेले, अगं, ही तर आपली संक्रांत, हा पितृपंधरवडा, ही घटस्थापनेची परडीतली माती. आपल्या लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला शेतात जाऊन पांडवांची पूजा करतात, तिथं कनिंगहॅमसाहेबांना नेलं असतं तर ते खूश झाले असते.

काय आवडलं? भाषा साधी आहे आणि भीती घातलेली नाही. सैतान, बळी, शाप यांतलं काहीही नाही. सैतान ही ख्रिस्ती कल्पना आहे, विक्कात ती नाहीच. आणि या पंथाचा एक नीतिनियम आहे. त्याचा आशय असा की, कुणालाही इजा होणार नसेल तर तुला योग्य वाटेल तसं वाग. डोरीन व्हॅलिएंट नावाच्या बाईंनी १९६४ साली एका भाषणात तो जाहीरपणे मांडला. जोडीला अशीही समजूत आहे की, तुम्ही जे कराल ते तिपटीनं तुमच्याकडे परत येतं.

काय पटलं नाही? हा नियम ऐकायला गोड आहे, पण इजा झाली की नाही हे ठरवणार कोण? करणारा की ज्याला झाली तो? आयुष्यभर कर्जाच्या फायली पाहिलेली बाई आहे मी. ‘कुणाचं नुकसान होत नाही’ असं सही करून देणारे पुष्कळ पाहिले आहेत, आणि नुकसान झालेला माणूस त्या टेबलाशी कधी नसायचाच. टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘कर्मजिज्ञासा’ म्हणून एक अख्खं प्रकरण याच अडचणीवर खर्च केलं आहे. अहिंसा, सत्य असे नियम एका ओळीत मावतात, पण प्रसंग आला की कधी कुठला नियम पुढं करायचा याला पानंच्या पानं लागतात. आणि तिपटीनं परत येण्याचं म्हणाल, तर त्यात नीती कमी आणि चक्रवाढ व्याज जास्त आहे. आपल्याला त्रास होईल म्हणून दुसऱ्याला त्रास न देणं हा हिशेब झाला. तो वाईट नाही, पण त्याला नीती म्हणायला माझं मन तयार होईना.

शिवाय पुस्तकात हे सगळं फार प्राचीन असल्याचा सूर आहे. तिथं मला शंका आली आणि मी दुसऱ्या पुस्तकाकडे वळले. रोनल्ड हटन हे ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. त्यांचा ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ हा ग्रंथ १९९९ साली आला. जाडजूड आहे, मी दोन महिने पुरवून वाचला. या धर्माला त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्लंडात जन्मलेलं अपत्य ठरवलं आहे. जेराल्ड गार्डनर नावाचे गृहस्थ सिलोनच्या मळ्यांत आणि पुढं मलायात कस्टम खात्यात आयुष्य घालवून १९३६ साली निवृत्त झाले, मायदेशी परतले आणि त्यांनी हा पंथ उजेडात आणला. त्यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ १९५४ सालचं. म्हणजे निवृत्तीनंतर माणूस काय काय करू शकतो याचं हे एक उदाहरण, आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं!

गार्डनरना आधार मिळाला तो मार्गारेट मरे या बाईंच्या १९२१ सालच्या पुस्तकाचा. या बाई इजिप्तच्या अभ्यासक, आणि जन्म मात्र कोलकात्याचा, १८६३ सालचा. युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं, त्या एका जुन्या धर्माच्या अनुयायी होत्या, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या इतिहासकारांना त्याला पुरावा सापडला नाही. मारले गेले ते शेजाऱ्यांसारखेच साधे ख्रिस्ती लोक होते. लोकप्रिय पुस्तकांत नव्वद लाख बायका जाळल्याचा आकडा फिरतो. आजचे अभ्यासक तो साधारण चाळीस ते साठ हजार मानतात, आणि त्यांत पुरुषही होते. नव्वद लाखांचे पन्नास हजार झाले म्हणून दुःख कमी होत नाही. पण ज्यांच्यासाठी आपण बोलतो त्यांच्याबद्दल खरा आकडा सांगणं हे आपलं देणं आहे, असं मला वाटतं.

हटनसाहेबांचं मला सर्वांत आवडलं ते त्यांचं वागणं. हा धर्म जुना नाही हे सिद्ध करूनही ते त्याची टिंगल करत नाहीत. इंग्लंडनं जगाला दिलेला हा एकमेव संपूर्ण धर्म, असं ते त्याच्याकडे पाहतात. नवा आहे म्हणून खोटा नाही, आणि जुना असता म्हणून खरा ठरला नसता. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीला पाच हजार वर्षांचं वय चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

पटलं नाही ते एकच. पुस्तक इंग्लंडात सुरू होतं आणि बहुतेक इंग्लंडातच राहतं. तिथं जादूटोण्याच्या आरोपावरून फाशी देणं १७३५ च्या कायद्यानं बंद झालं. त्या कायद्यानं चेटूक करणं हा गुन्हा न मानता, ते येत असल्याचा बहाणा करणं हा गुन्हा ठरवला. तो कायदाही १९५१ साली रद्द झाला आणि त्यानंतर गार्डनर मोकळेपणानं लिहू शकले. म्हणजे स्वतःला विच म्हणवून घेण्याची हौस परवडली, कारण त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं त्या शब्दापायी तिथल्या कायद्यानं कुणाचा जीव घेतला नव्हता.

आपल्याकडे तसं आहे का? हा प्रश्न मला तिसऱ्या पुस्तकाकडे घेऊन गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं ‘तिमिरातुनी तेजाकडे’. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. पुस्तकासोबत मी २०१३ चा कायदाही वाचून काढला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. त्याचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही, पण मजकूर मात्र छोटा आहे. शेवटच्या अनुसूचीत बारा प्रकार दिले आहेत. त्यांतला एक असा आहे की, अमुक व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्रानं जनावरांचं दूध आटवते, ती अपशकुनी आहे किंवा सैतान आहे असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. जारणमारण, करणी किंवा चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणं, नग्न धिंड काढणं, वाळीत टाकणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

जरा विचार करा. जनावराचं दूध आटणं हे शब्द कायद्यात का घालावे लागले? कारण तसं घडत आलं आहे. आपल्या राज्याच्या वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, बाईला डाकीण ठरवण्याची प्रथा आहे. मूल दगावलं, गाय आटली, ताप हटेना, की जाणत्याकडे जायचं आणि त्यानं एका बाईचं नाव घ्यायचं. बहुतेक वेळा ती एकटी असते, विधवा असते, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. पुढचं मी सांगत नाही, वर्तमानपत्रांत येतं. ही गोष्ट नवी नाही. ब्रिटिश काळातल्या खानदेशातल्या आणि डांगातल्या डाकणींवर अजय स्कारिया या इतिहासकारांनी १९९७ साली एक सविस्तर लेख लिहिला आहे.

आणि सातपुडा लांब आहे म्हणून आपण निर्धास्त राहायचं कारण नाही. मराठवाड्यात भानामती होतीच की. घरावर दगड पडायचे, दोरीवरचे कपडे पेटायचे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटायच्या, बायका चित्रविचित्र आवाज काढायच्या. आपल्या लहानपणी खेड्याहून आलेल्या प्रत्येकाकडे भानामतीची एक तरी गोष्ट असायची आणि आपण त्या मधल्या सुट्टीत डोळे मोठे करून ऐकायचो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन दाखवलं की दगडामागं माणसाचाच हात असतो, आणि पुष्कळदा तो हात घरातल्याच एखाद्या दबलेल्या, कोंडलेल्या जिवाचा असतो. तिला दुसऱ्या कुठल्या मार्गानं बोलता येत नाही. पण ते उमगेपर्यंत संशय गावातल्या कुणा तिसऱ्यावरच गेलेला असायचा आणि मार त्यानं खाल्लेला असायचा.

दाभोलकरांचं मला आवडलं ते हे की, ते देवधर्म करणाऱ्या माणसाला वेड्यात काढत नाहीत. श्रद्धेनं तुम्ही काय करता यापेक्षा तिच्या नावानं कुणाचं शोषण होतं का, हा त्यांचा प्रश्न असतो. कायद्यातही प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, प्रवचन, घरातली पूजा यांना हात लावलेला नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या भाचीच्या टेबलावरच्या मेणबत्त्यांनाही या कायद्याची काही हरकत नसती. काय पटलं नाही? कधी कधी मला त्यांच्यावर राग येतो तो इतकाच की, मनाच्या एकटेपणाला ते थोडं लवकर उत्तर देतात. बुवाकडे जाणाऱ्या बाईला बुवा खोटा आहे हे पुष्कळदा माहीत असतं, पण तिचं ऐकून घेणारा तोच एक असतो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण मला त्यावर आणखी वाचायला आवडलं असतं. आणखी लिहायला त्यांना मिळालं नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला.

चौथं पुस्तक रा. चिं. ढेऱ्यांचं, ‘लज्जागौरी’, १९७८ सालचं. भाची म्हणाली होती, “मावशी, आमच्यात देवी आहे, म्हणून मला ते आपलं वाटलं.” मी म्हटलं, देवीसाठी लीड्सला जायची काय गरज? ढेरे आपल्याला तेरच्या मातीतून निघालेल्या, मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या मातृदेवतेपासून गोव्याच्या सांतेरीच्या वारुळापर्यंत आणि माहूरच्या रेणुकेपर्यंत हात धरून नेतात. भूमी हीच योनी, वारूळ हेच गर्भाशय. लाजायचं काही नाही, असं ते इतक्या शांतपणे सांगतात की वाचणाऱ्याची लाज आपोआप गळते. आपल्या वेरूळलाच जा. चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यात सप्तमातृका रांगेत बसल्या आहेत. औरंगाबादच्या लेण्यांत सातव्या क्रमांकाच्या लेण्यात मधोमध नाचणारी स्त्री आणि भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका आहेत. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे आणि डब्यातल्या पोळ्या खात पुढं गेलो आहोत.

पण याच पुस्तकानं माझी झोप घालवली. देवीची इतकी मोठी परंपरा जिथं आहे, तिथंच तिची नावं बायकांच्या अंगावर कशी फेकली गेली? यक्षिणी ही देवता, तिची झाली जखीण. डाकिनी ही बौद्ध तंत्रमार्गात आकाशातून संचार करणारी, ज्ञान देणारी शक्ती, तिची झाली डाकीण. हे शब्द वरून खाली घसरत आले आणि शेवटी कुठल्यातरी पाड्यावरच्या एकट्या बाईच्या डोक्यावर पडले. म्हणजे देवी मोठी असली म्हणून बाई सुरक्षित होते असं नाही. देवीला साडी नेसवणारे हात तेच आणि बाईच्या झिंज्या धरणारे हातही तेच असू शकतात. भाचीच्या पंथातल्या पुस्तकांत असं गृहीत धरलेलं दिसतं की, देवीची पूजा सुरू झाली की बाईला मान येतो. आपला अनुभव त्याला साक्ष देत नाही. हे मी तिला सांगितलं.

आता मला इथं घरातलं एक सांगू द्या. माझ्या वडिलांची एक आत्या गुलमंडीतल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या खोलीत राहायची. लग्नानंतर आठ महिन्यांत तिचा नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी ती पांढऱ्या पायाची ठरवली आणि माहेरी आणून सोडली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ब्याऐंशीव्या वर्षी गेली. मधल्या पासष्ट वर्षांत वाड्यातून कुणी परगावी निघालं की ती आपणहून खोलीचं दार ओढून घ्यायची. कुणी तिला तसं सांगत नसे, सगळे तिच्याशी चांगले वागत. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं असतं की, आम्ही तिला काही इजा केली नाही. कुणाला इजा नको हा नियम आमच्या घरानं तंतोतंत पाळला, आणि त्या नियमाच्या आत एक आयुष्य दाराआड संपलं.

म्हणून पाचवं पुस्तक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेलं. आपल्या गावात १९५० साली ज्यांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांचा हा ग्रंथ मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यातला धर्म आणि धम्म यांच्यातल्या फरकाचा भाग मी तीनदा वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इतर धर्मांत नीती ही बाहेरून जोडलेली असते, प्रसंगी जोडता येते आणि सोडताही येते. धम्मात नीती हाच गाभा आहे, देवाच्या जागी तीच आहे. पुढचा मुद्दा माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा. नीती प्रत्येक गटाकडे असते. चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते. पण गटाची नीती गटापुरतीच राखण करते, बाहेरच्याला ती वाऱ्यावर सोडते. म्हणून नीती सर्वांसाठी एक हवी आणि पवित्रही हवी, म्हणजे सोयीनं मोडता येणार नाही.

हे वाचलं आणि आधीची चारही पुस्तकं माझ्यापुरती एका ओळीत उभी राहिली. डाकीण ठरवणारं गाव अनीतिमान नसतं. ते आपल्या लेकरांचं, आपल्या जनावरांचं रक्षणच करत असतं, फक्त त्या एका बाईला त्यांनी ‘आपल्या’तून वजा केलेलं असतं. आमचा वाडाही अनीतिमान नव्हता. दुसऱ्याला नाव देऊन कुंपणाबाहेर काढलं की मग नीती शाबूत ठेवून काहीही करता येतं. म्हणून मी आता कुणाच्याही नीतीची परीक्षा एवढ्यावरच घेते, की ती कुंपणाबाहेरच्या माणसापर्यंत पोचते का.

पटलं नाही असं काही? बाईंचा रकाना कोरा ठेवायचा नाही, म्हणून सांगते. ग्रंथ बुद्धीला पूर्ण पटतो, पण माझ्यासारख्या सणवारात वाढलेल्या बाईला सण लागतो, दिवा लागतो, पहिल्या कणसाचं कौतुक लागतं. त्याला त्यात जागा कमी आहे असं मला वाटलं. आपल्यातल्या बौद्ध मित्र-मैत्रिणींनी १४ एप्रिलचा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा जो उत्सव उभा केला आहे, तो पाहिला की वाटतं, ती जागा लोकांनीच भरून काढली.

भाचीला मी काय सांगितलं ते तुम्हाला ऐकायचं असेल. मी म्हटलं, मेणबत्त्या लाव, चंद्र बघ, माझी हरकत नाही, तुझ्या आईला मी समजावते. पण हे पाच हजार वर्षांचं आहे असं कुणाला सांगू नकोस, कारण तुझ्याच धर्माचा सर्वांत चांगला इतिहासकार तसं म्हणत नाही. आणि विच हा शब्द तू अंगठीसारखा बोटात घातला आहेस. तो तुझा हक्क आहे, तुला तो केव्हाही काढता येतो. माझ्या आजोबांच्या बहिणीला तिचा शब्द कधी काढता आला नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी तो वापरू नये असं तुला वाटतं का, मावशी?” मला सरळ उत्तर देता आलं नाही. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी आपल्या देशात स्वतःला जाहीरपणे विच म्हणवून घेतलं. त्यांचं ‘बिलव्हेड विच’ हे आत्मचरित्र मी चाळलं आहे. त्यातले गूढ अनुभव माझ्या गळ्याखाली उतरले नाहीत, पण एक बळकट, शिकलेली बाई तो शब्द लोकांच्या हातून काढून स्वतःच्या हातात घेते, याला काही अर्थ आहे हे मला मान्य आहे. शिव्या अशा उलट्या फिरवता येतात, इतिहासात फिरवल्या गेल्या आहेत. पण लीड्समधल्या मुलीनं शब्द उलटा फिरवला म्हणून धडगावातल्या बाईवरचा तो उतरत नाही, त्यासाठी वेगळं काम लागतं. एवढंच मी म्हणू शकले. बहिणीला मी सांगितलं, मुलीला कुणी काही केलेलं नाही. ती विचार करतेय, आणि तो आपल्यापेक्षा चांगला करतेय. बहीण अजून धुसफुसते, पण परवा तिनंच भाचीला विचारलं, तुमच्या त्या पितरांच्या सणाला नैवेद्य काय असतो म्हणून.

वेळ संपत आली आहे, चिठ्ठी आली. शेवटी दोन गोष्टी मागते.

पहिली शाळेकडे. यांतली ‘लज्जागौरी’, दाभोलकर आणि बाबासाहेब ही तीन मराठी पुस्तकं मी शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहेत. हटनचा ग्रंथ शिक्षकांच्या कपाटासाठी देते. कनिंगहॅमचं देत नाही. ते धोकादायक आहे म्हणून नव्हे. ते वाचण्यापेक्षा करून पाहण्याचं पुस्तक आहे, आणि ते करायचं की नाही हे मुलांनी मोठं झाल्यावर ठरवावं. यावर आपल्या काही मित्रांचं मत वेगळं आहे. काल रात्री जेवताना आपल्यातला एक जण म्हणाला, ‘शाळेत असली पुस्तकंच कशाला?’ त्याला माझं एवढंच उत्तर आहे की, शाळेतली मुलं भुताखेतांच्या, करणीच्या गोष्टी मोबाइलवर रोज पाहतात. ‘काय पटलं नाही’ हा रकाना मात्र त्यांना कुणी देत नाही.

दुसरं मागणं तुमच्याकडे. आपण आता घरातले मोठे झालो. लग्न ठरवताना, बारशाला, कुणाच्या मयतीला आपला शब्द चालतो. पांढऱ्या पायाची, वाईट नजरेची, हिच्या हातचं घेऊ नका, तिला ओटी भरायला बोलावू नका, ही वाक्यं आपल्या देखत कुणी उच्चारली तर तिथल्या तिथं थांबवायची, आणि त्या बाईला हाताला धरून पुढं आणायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या वर्गातल्या, जोडीदार गमावलेल्या मैत्रिणींना वाण द्यायचं. मागच्या वर्षीपासून आम्ही चौघीजणी हे करतो आहोत. पहिल्या वर्षी दोघी आल्या, यंदा सात.

बाई, वही तपासायला आणली आहे. चुका दाखवा.